कागदाचे कवच : रोल लॅमिनेशनच्या यंत्राची मांडणी व सुरक्षित वापर

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बेटमा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस एका ताम्रपटामुळे परिचित आहे. परमारवंशीय राजा भोज याने कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेल्या भूमिदानाचा तो लेख विक्रम संवत् १०७६ चा, म्हणजे इ. स. १०२० चा होय. हजार वर्षे लोटली तरी त्यातील अक्षर वाचता येते. त्याच गावातील आमच्या दुकानांत रोज हाताळला जाणारा कागद मात्र दोन पावसाळे काढतो न काढतो तोच त्याच्या घड्या फाटू लागतात, कडा काळवंडतात आणि शाई पसरते. मुलांच्या गुणपत्रिका, भावाचा तक्ता, उपाहारगृहातील पदार्थांची यादी यांस काही कवच असावे म्हणून गिऱ्हाईक आमच्या दाराशी येते. कागद, छपाई व झेरॉक्स यांच्या व्यवसायात असलेल्या सभासदांपैकी ज्यांनी रोल लॅमिनेशनचे यंत्र घेतले आहे अथवा जे घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यंत्र विकणारा ते सुरू करून दाखवितो, दहा कागद काढून देतो आणि निघून जातो. पुढचे सारे आपले आपण शिकावयाचे असते. त्या शिकण्याची किंमत माझ्या दुकानात मोजली गेली आहे. ती इतरांस मोजावी लागू नये एवढीच इच्छा.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एक रोल वर व एक खाली असे फिल्मचे दोन रोल यंत्रात असतात. या फिल्मची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची व आतली बाजू उष्णतेने पातळ होणाऱ्या चिकट द्रव्याची असते. दोन्ही फिल्म तापलेल्या रोलरांवरून जाताना आतले द्रव्य वितळते, पॉलिएस्टरला मात्र त्या उष्णतेने काही होत नाही, कारण ते वितळावयास अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते. मध्ये सरकविलेला कागद दोहोंच्या दाबात सापडतो आणि पुढे पंख्याच्या वाऱ्याने थंड होऊन पक्का बसतो. हे पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढले. पुस्तकांच्या वेष्टनांवर जी चकचकीत फिल्म चढवितात ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. त्या धंद्यात मराठी मुलखाचे नाव निघते ते वाळूजमुळे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीत अशी फिल्म तयार होते व परदेशीही जाते.

फिल्म घेताना जाडीकडे लक्ष द्यावे. कोणी मायक्रॉनमध्ये बोलतो, कोणी गेजमध्ये, आणि मग व्यवहारात घोटाळा होतो. २५ मायक्रॉन म्हणजे सुमारे १०० गेज एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ३८ मायक्रॉनची फिल्म तक्ते व नकाशे यांस पुरते. खिशात बाळगावयाच्या कार्डास १२५ मायक्रॉनची लागते.

यंत्र कोठे मांडावे हा प्रश्न आपण फार हलका समजतो. दुकानात जेथे जागा उरते तेथे ते ठेवले जाते, आणि ती जागा बहुधा गल्ल्याशेजारची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराशी लागणारी असते. यंत्राचे टेबल न डगमगणारे व पातळीत असावे. कागद सरकविण्याच्या बाजूस उभे राहावयास मोकळी जागा हवी, आणि मागील बाजूस निघालेली पट्टी जमिनीवर न लोळता उतरावी अशी सोय हवी. वाऱ्याचा झोत थेट रोलरांवर येत असेल तर उष्णता एका बाजूस कमी पडते. तरीही खोली कोंदट नसावी, कारण तापलेल्या फिल्मचा वास दिवसभर घेणे बरे नव्हे.

विजेसंबंधी एक हिशेब सांगतो. यंत्राच्या पट्टीवर २३०० वॅट लिहिले असेल तर २३० व्होल्टवर ते १० अँपियर प्रवाह ओढते. घरगुती दिव्या-पंख्याच्या ६ अँपियरच्या बटणावर असे यंत्र लावणे म्हणजे तार जाळण्याची तयारी होय. १६ अँपियरचे तीन छिद्रांचे स्वतंत्र बटण, खरोखर जमिनीपर्यंत पोचलेले अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र एवढे हवेच. जोडतार लांबवून त्याच लाकडी पट्टीवर झेरॉक्स यंत्रही चालविण्याची जी पद्धत सर्वत्र दिसते, ती बंद करावी.

आता फिल्म चढविण्याचे काम. हे काम यंत्र थंड असतानाच करावे, कारण या वेळी हात रोलरांच्या अगदी जवळ जातात. वरची व खालची फिल्म एकाच रुंदीची, एकाच जातीची असावी आणि दोन्ही रोल दांडीवर समोरासमोर नेमके बसावेत. एक दोन दोरे सरकलेला असला तरी चिकट द्रव्य कडेने रोलरला लागते. कोणती बाजू कोठे हे ओळखणे महत्त्वाचे. चकचकीत बाजू रोलरकडे व मंद बाजू कागदाकडे, हा नियम. निष्प्रभ पृष्ठाच्या फिल्ममध्ये दोन्ही बाजू सारख्याच मंद दिसतात. तेथे एक चिंधी कापून कागदावर ठेवावी, वर लोणीकागद घालून कोमट इस्त्री फिरवावी, चिकटेल ती आतली बाजू. ही खात्री न करता फिल्म उलटी चढविली तर रोलर डिंकाने माखतो व फिल्म त्याच्याभोवती वेटोळे घालते. दोहोंपैकी एकच फिल्म घालून यंत्र चालविले तरी तोच अनर्थ होतो. दोन्ही फिल्मची टोके एकमेकांवर आणून, जाड पुठ्ठ्याच्या साह्याने ती रोलरांच्या मधोमध ढकलावीत, आणि पुठ्ठा मागील बाजूने बाहेर येईपर्यंत यंत्र अगदी मंद चालवावे. बोटांनी ढकलू नये; पुठ्ठा त्यासाठीच असतो.

मग दांडीवरील ब्रेक जुळवावयाचा. फिल्मवर सुरकुत्या दिसतील तर ताण कमी आहे असे समजून तो थोडा वाढवावा, आणि सुरकुत्या गेल्या की तेथेच थांबावे. ताण फाजील झाला तर फिल्म लांबते व तयार झालेला तक्ता वळतो. तक्ता वरच्या बाजूस वळत असेल तर वरच्या रोलचा ताण अधिक आहे, खाली वळत असेल तर खालच्याचा. एवढे एक लक्षण कळले की निम्मी कारागिरी हाती आली.

उष्णतामानाचा नेमका आकडा फिल्मच्या वेष्टनावर छापलेला असतो, तोच प्रमाण मानावा. नेहमीच्या पातळ पॉलिएस्टर फिल्मला ११० ते १२० अंश सेल्सिअस लागतात. कमी उष्णतेवर वितळणारी फिल्म शंभर अंशांच्या आतच काम देते. जाड फिल्ममधून उष्णता आत पोचावयास वेळ लागतो, म्हणून तेथे वेग कमी करावा. यंत्र तापत असता रोलर उचललेले असावेत, आणि सुरुवातीची हात-दीड हात फिल्म वाया जाते ती जाऊ द्यावी. चिकटलेल्या भागावर चांदीसारखी झाक दिसली तर उष्णता अपुरी आहे किंवा वेग अधिक आहे. फोड आले तर उष्णता जास्त आहे अथवा कागदात ओल आहे. आषाढ-श्रावणात हे वारंवार घडते. ताज्या ऑफसेट छपाईवर तर घाईने फिल्म चढवूच नये. शाई किमान एक दिवस वाळू द्यावी, नाहीतर पुढे ती फिल्मसकट सोलून निघते आणि लग्नपत्रिकांचे गिऱ्हाईक ऐन मुहूर्ताच्या आठवड्यात भांडावयास येते.

येथवर आलेल्या चुकांत फक्त कागद व फिल्म जाते. आता जेथे माणसाचे अंग जाते त्याविषयी लिहितो.

रोलर एकमेकांस भिडतात त्या जागेसमोर पारदर्शक झाकण असते. झाकण उघडे असले की यंत्र थांबते, अशी योजना त्यात केलेली असते. शाळेच्या वार्षिक समारंभाच्या आदल्या दिवशी दोनशे प्रशस्तिपत्रे करावयाची होती, आणि झाकणामुळे वाकडा गेलेला कागद सरळ करता येत नाही म्हणून ते मीच सुतळीने वर बांधले व खालचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले. काम वेगाने चालले. सायंकाळी माझ्याकडील एकोणीस वर्षांच्या मदतनिसाने तिरपा चाललेला कागद बोटाने सरकविला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आत गेली. थांबविण्याचे लाल बटण त्याच्या डाव्या हाताशी नव्हते, ते मी काउंटरपलीकडून येऊन दाबले. बोटे राहिली, पण कातडी गेली व एक नख पुन्हा नीट आले नाही. “शेटजी, कागद खराब नाही झाला,” असे तो म्हणाला. ते वाक्य मला आजही आठवते. चूक त्याची नव्हती, सुतळी मी बांधली होती.

तेव्हापासून माझ्या दुकानात काही गोष्टी ठरल्या आहेत. झाकण काढावयाचे नाही. तिरपा गेलेला कागद तिरपाच जाऊ द्यावयाचा. तो फुकट गेला तर दुसरा घ्यावा. यंत्राजवळ साडीचा पदर, ओढणी, गळ्यातील फितीचे ओळखपत्र, सैल बाही, बांगड्या व मोकळे केस चालणार नाहीत. घरातील मुले सुटीत दुकानात बसतात, त्यांनी मागच्या बाजूस पट्ट्या कापाव्यात, कागद सरकविण्याच्या बाजूस येऊ नये. लाल बटण कोठे आहे हे दुकानातील प्रत्येकास डोळे मिटून सापडले पाहिजे, आणि ते दाबल्यावर रोलर उचलण्याची दांडी कोणती हेही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांस आवरण असावे असा दंडक घातला होता. आपले दुकान कारखान्याच्या व्याख्येत येवो न येवो, बोट तेच असते.

भाजल्यास अंगठी ताबडतोब काढून हात वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, तेल, दात घासण्याची पेस्ट यांपैकी काही लावू नये. वितळलेले द्रव्य कातडीस चिकटले असेल तर ते ओढून काढू नये. पाण्याखाली थंड करून, स्वच्छ कापड सैल गुंडाळून डॉक्टरांकडे जावे.

फिल्म रोलरला गुंडाळली गेली तर आधी यंत्र व उष्णता बंद करावी, रोलर उचलावेत, फिल्म कात्रीने तोडावी आणि उलट फिरविण्याच्या बटणाने थोडी थोडी मागे घ्यावी. चाकू किंवा पाते रबरावर कधीही चालवू नये. एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक तक्त्यावर उमटतो. डाग रोलर कोमट असताना, प्लग काढून, मऊ कापडाने पुसावेत.

कोणता कागद घ्यावयाचा नाही हेही दुकानदारास ठाऊक हवे. एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या वजनकाट्याची पावती जपून राहावी म्हणून आणली. आत गेली ती पांढरी, बाहेर आली ती काळी. त्या पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात, त्यांस शाई नसतेच. दुसरी प्रत मिळविण्यासाठी त्या गृहस्थास दोन खेपा घालाव्या लागल्या. अशी पावती आली तर प्रथम झेरॉक्स काढून तिला कवच चढवावे. मूळ प्रमाणपत्रे, खरेदीखते, मुद्रांकाचे कागद यांवर पुढे सही किंवा शिक्का उमटवावा लागण्याचा संभव असतो, आणि फिल्मवर तो बसत नाही. त्यांसही नकार द्यावा.

जुन्या हस्तलिखित पोथ्यांविषयी तर फार काळजी घ्यावी. आपल्या मंदिरांच्या ग्रंथभांडारांतील जीर्ण पाने टिकावीत या सद्‌भावनेने कोणी ती लॅमिनेशनसाठी आणतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९३० च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटचे पापुद्रे उष्णतेने व दाबाने जुन्या कागदांस चिकटविण्यास आरंभ केला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही पुढे १९५० च्या दशकात ॲसिटोनच्या साह्याने, यंत्रावाचून तसेच करण्याची पद्धत बसविली. त्या काळी तो मोठा उपाय वाटला. काही दशकांनी दिसून आले की हे द्रव्य स्वतःच नासते, आंबट वास येऊ लागतो व त्या आम्लाने कागद खातो. आता जाणकार लोक पातळ जपानी कागद व पाण्याने सुटणारी खळ वापरतात, म्हणजे केलेले काम पुढे निस्तरता येते. आमच्या यंत्रातून गेलेले पान पुन्हा मोकळे होत नाही. पोथीची छायाचित्रे काढावीत आणि मूळ पाने कोरड्या वेष्टनात बांधून ठेवावीत.

आता थोडे हिशेबाचे. ६३५ मिलिमीटर रुंदीच्या १०० मीटर रोलजोडीवर ए-चार आकाराचे कागद उभे, दोन-दोन शेजारी घातले तर मधल्या फटीसह एका ओळीस सुमारे ३१ सेंटिमीटर जातात आणि ६४० च्या आसपास कागद निघतात. तेच आडवे घातले तर ओळीस साडेबावीस सेंटिमीटर पुरतात आणि कागद ८८० च्या वर जातात. फिल्म तीच, वीज तीच. कापताना मात्र कागदाभोवती तीन मिलिमीटर फिल्मची कड सोडावी. ती वाचविली तर पहिल्या पावसात पाणी आत शिरते.

दुकान बंद करताना उष्णता प्रथम बंद करावी आणि पंखा व रोलर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावेत. यंत्र निवल्यावर रोलर उचलून ठेवावेत, नाहीतर रात्रभराच्या दाबाने रबरावर सपाट खूण पडते. फिल्मची कात्रणे त्याच वेळी गोळा करून यंत्राखालून काढावीत, प्लग भिंतीतून ओढावा आणि मग वर कापड टाकावे.