श्वासाच्या वाटेवरचं औषध

१९५६ साली अमेरिकेत रायकर कंपनीचा ‘मेडिहेलर’ आला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, माझं औषध केसांवरच्या स्प्रेसारखं का मिळत नाही? त्या प्रश्नातून मोजून फवारा सोडणारा पंप जन्मला. पुढे श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल आलं, त्यांची सूज कमी करणारं बेक्लोमेथासोन आलं. औषधं सुधारत गेली, पण ती छातीत नेमकी पोचतात कुठे?

१९८१ साली इंग्लंडमध्ये त्याचं मोजमाप प्रसिद्ध झालं. फवाऱ्यातल्या कणांना किरणोत्सारी टेक्नेशियमची खूण लावून रुग्णांचे फोटो काढले, तर जेमतेम दहा टक्के औषध फुप्फुसात होतं आणि ऐंशी टक्के तोंडात-घशातच राहिलं होतं. आजाराने तर आणखी गोची होते. श्वासनळ्या आवळल्या की त्यांतून हवा जोरात घुसते, कण पहिल्याच वळणांवर आदळून तिथेच चिकटतात. कफाने बुजलेल्या भागात हवाच शिरत नाही, मग औषध कुठून शिरणार? जो भाग बरा आहे, त्यालाच ते जास्त मिळतं. मला यातला हा अन्याय सगळ्यात जास्त खुपतो.

पावडरच्या कॅप्सूलने दुसरा पेच आणला. आपल्याकडे दमेकऱ्यांच्या घरी ही कॅप्सूल ओढायचं रोटाहेलर सर्रास दिसतं. त्यातली पावडर रुग्णाच्याच ओढीने सुटी व्हायची असते. पण सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या दीर्घ आजारात, छाती आधीच हवेने फुगलेली, श्वासाचा पडदा सपाट झालेला, त्यात वय झालेलं. आजोबा जीव खाऊन ओढतात आणि उघडून पाहावं तर कॅप्सूलमध्ये पांढरी पूड तशीच. औषध लिहून देण्याआधी ही ओढ एकदा समोर बसवून बघायलाच हवी.

फुप्फुसाचा हा लहरीपणा मधुमेहाच्या औषधालाही आडवा आला. फायझरचं तोंडाने ओढायचं इन्सुलिन ‘एक्झुबेरा’ २००६ मध्ये मंजूर झालं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते झपाट्याने उतरे, साखर एकदम घसरण्याचा धोका. दमेकऱ्यांत उलट कमी उतरे. किंमत, अवजड यंत्र आणि थंड प्रतिसाद यांमुळे २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. २०१४ चं ‘अफ्रेझा’ हे असंच ओढायचं इन्सुलिन दमा-सीओपीडीच्या रुग्णांना वर्ज्य आहे, आणि इतरांनाही सुरू करण्याआधी फुंकून फुप्फुसाची ताकद मोजावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये भारतानेही त्याला मंजुरी दिली. फुंकून मोजायचं ते स्पायरोमीटर तालुक्याच्या गावी अजून सहज सापडत नाही, याची मला काळजी वाटते.