गुडमारचा पाला: जिभेची साखर आणि रक्तातली साखर

बोरिवली-मुलुंडकरांनो, गुडमार म्हणजेच बेडकीचा पाला चावून साखर खाल्लीत, तर ती वाळूसारखी लागते! पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेला काही वेळ गोडी कळूच देत नाहीत. पण रक्तातली साखर उतरते का?

परळच्या हाफकिन संस्थेतले डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी हा पाला तपासून १९३० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. साखर उतरली, अनेकांच्या गोळ्या कमी झाल्या. मात्र एवढ्या छोट्या गटावरून पाल्याला औषध ठरवता येत नाही.

गोळ्यांसोबत अर्क घेतल्यास साखर एकदम घसरू शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क सुरू करू नका, गोळ्या बंद करू नका. आणि तुमच्या शेजारच्या नॅशनल पार्कात हा पाला दिसला, तर तो कृपया तोडू नका!