काड्यांची आग, हिरवं वांगं

दिवाळीचा फराळ संपत आला की जळगावच्या रस्त्यांवर ‘भरीत सेंटर’च्या पाट्या दिसू लागतात. सेंटर हा शब्द भारदस्त आहे, जागा साधी असते. पत्र्याची शेड, पुढे कापडी फलक, मागे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांची गंजी आणि या दोहोंच्या मधे भडकलेला जाळ. वांग्याचं साल करपल्याचा वास बराच लांबून येतो, त्यामुळे नव्या माणसालाही पत्ता विचारावा लागत नाही. थंडीचे तीन-चार महिने हा धंदा जोरात चालतो. उन्हं तापायला लागली की शेड रिकामी होते.

खानदेशच्या खाण्याबद्दल बाहेर एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे तिखट. हे वर्णन अपुरं आहे आणि थोडं अन्यायाचंही आहे. इथलं रस्त्यावरचं खाणं शेतातून आलं आहे. त्यामागे विशिष्ट पीक आहे, विशिष्ट महिना आहे, आणि भरिताच्या बाबतीत तर सरपणही ठरलेलं आहे. तिखटपणा हा त्यातला एक भाग झाला. शेतातली ही रीत शहराच्या चौकात जशीच्या तशी आणून बसवायचं काम भरीत सेंटरांनी केलं, म्हणून मी त्यांना हॉटेलांत धरत नाही. खानदेशातली ती एक संस्थाच आहे.

ही संस्था पाहायला दुचाकी घ्यावी. पिंप्राळा, मेहरूण, आसोद्याकडे जाणारा रस्ता अशा भागांत संध्याकाळी चारचाकी लावायला जागा मिळत नाही आणि तिची गरजही नसते. निम्मं गिऱ्हाईक गाडीवरून उतरतच नाही. स्टँड न लावता पाय टेकवून स्टीलचा डबा पुढे करायचा, ‘एक किलो द्या दादा, मिरची जरा जास्त,’ म्हणायचं, तोवर शेजारच्या टोपलीतून कांद्याच्या पातीची जुडी घेऊन हँडलला अडकवायची. भरीत इथे किलोवर विकलं जातं. घरी पुऱ्या तळायला घेऊनच माणूस निघालेला असतो. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत ती मंडळी डबा घट्ट बंद करून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतात.

व्हिएतनामच्या शहरांत स्कूटरवरून खाण्याच्या गाड्या धुंडाळत फिरणं आता जगभरच्या प्रवाशांना ठाऊक झालं आहे. हनोईत बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून ‘बिआ होई’ पितात. ही हलकी, ताजी बिअर असते. ती टिकवण्यासाठी केलेलीच नसते, पिंप आलं की त्याच दिवशी संपवायचं. तिथे वांगंही निखाऱ्यावर भाजतात आणि त्यावर गरम तेलात परतलेली कांद्याची पात घालतात. आग, वांगं, पात आणि दारात उभी दुचाकी, एवढं जळगावातही आहे. बिअरच्या जागी इथे ताक असतं. फरक असा की तिथल्या खाण्याची नकाशांसह पुस्तकं निघाली आहेत. आपल्या भरीत सेंटरबद्दल बातमी येते ती फक्त वांग्याचे भाव वाढले की.

आता वांग्याकडे येऊ. भरिताचं वांगं म्हटलं की पुण्या-मुंबईत जांभळं, चकचकीत वांगं डोळ्यांपुढे येतं. जळगावचं भरिताचं वांगं फिकट हिरवं असतं, त्यावर पांढरट रेघा असतात. आकाराने ते मोठं, हातात घेतलं तर भरीव लागतं. बिया कमी आणि गर पांढरा, लोण्यासारखा मऊ. आसोदा आणि यावल तालुक्यातलं बामणोद या गावांची नावं या वांग्यासाठी घेतली जातात. आसोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, 1880 साली त्या तिथे जन्मल्या. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. केळीला जगाची बाजारपेठ आहे, ती कंटेनरमध्ये बसून आखातात जाते. वांगं मात्र तोडल्यावर दोन-तीन दिवसांत भाजलं तरच त्याची खरी चव कळते. त्यामुळे ते पिकतं तिथेच जास्त खपतं.

या वांग्याच्या आगीतही एक गोष्ट दडली आहे. सेंटरमागची गंजी असते ती मुख्यतः कपाशीच्या काड्यांची. भारतात जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांत खानदेशातली बहुतेक सगळी कपाशी बीटी झाली. बीटी वांगं मात्र अडलं. त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यावर स्थगिती जाहीर केली आणि ते आपल्या शेतांत आलं नाही. म्हणजे आज जळगावच्या चौकात देशी वांगं बीटी कपाशीच्या काड्यांवर भाजलं जातं. शेतीच्या धोरणाचे दोन वेगवेगळे निर्णय एकाच चुलीत भेटतात. शेतकऱ्याला काड्यांची विल्हेवाट लावायचीच असते. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (मुख्य वेचणीनंतर कपाशी तशीच राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, शेत वेळेत मोकळं करा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. त्या काड्यांचा थोडा वाटा तरी इथे अन्न शिजवायच्या कामी येतो.

काड्याच का, हे जाळाजवळ उभं राहिलं की समजतं. कपाशीची किंवा तुरीची काडी पटकन पेटते, उंच ज्वाला देते आणि निखारा फारसा ठेवत नाही. त्या ज्वाळेत वांग्याचं साल चहूबाजूंनी झपाट्याने करपतं आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. धूर सालीतून आत मुरतो. गॅसच्या शेगडीवर एक बाजू जळते, दुसरी कच्ची राहते आणि धूर तर नसतोच. भाजणारा माणूस लांब काठीने वांगी सतत फिरवत असतो. त्याआधी वांग्याला टोचे मारलेले असतात, नाहीतर ते आगीत फुटतं. कोणतं वांगं झालं हे तो दाबून पाहत नाही. देठाजवळून रस गळायला लागला आणि वांगं बसलं की ते बाजूला ओढायचं.

नंतरचं काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातात असतं. जळकं साल गरम असतानाच सोलायचं, पाण्याखाली धरायचं नाही, कारण पाण्याबरोबर धुराचा वास निघून जातो. बोटं भाजतात, काळी होतात. सोललेलं वांगं बडगीत जातं. बडगी म्हणजे लाकडाची कोरलेली लांबट परात. तीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचून घेतात, मग वांगी टाकून लाकडी मुसळीने ठेचतात. लाकूड वापरण्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. वांग्यातली द्रव्यं लोखंडाशी संयोग पावली की गर काळा पडतो, लाकडात तो पांढरट हिरवाच राहतो. मिक्सरमध्ये बिया चिरडतात आणि चिकट लगदा होतो. बडगीत ठेचलेल्या भरिताला धागा असतो, घास तोडताना तो दिसतो.

फोडणीत तेल सढळ असतं, ते पाहून बाहेरचा माणूस दचकतो. मोहरी-जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, शेवटी कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. हॉटेलांच्या ‘बैंगन भरता’ची सवय असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की इथे वांग्याची चव कशाखालीही झाकलेली नसते. म्हणूनच वांगं कमअस्सल असलं की ते पहिल्या घासात उघडं पडतं.

सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळपट, खमंग, चवीला स्वतंत्र. तिच्यावर नुसतं तेल आणि ठेचा घेतला तरी जेवण होतं. मला विचाराल तर भरिताचा खरा जोडीदार हीच भाकरी आहे. पुरी पाहुण्यांसाठी.

ही सगळी रीत मुळात शेतातली. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातल्या लेवा पाटील समाजात हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टी होते. पाहुणे, सोयरे, मुलाचे शहरातले मित्र, सगळ्यांना बोलावणं जातं. केळीच्या बागेच्या कडेला जाळ पेटतो, केळीच्या पानावरच वाढलं जातं. पुरुष भाजतात, बायका ठेचतात आणि वाढायला मात्र सगळेच असतात. चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य असतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते मोकळं होतं. हवामान, पीक आणि कुळाचार तिन्ही एकाच महिन्यात एकत्र येतात. शेती सुटलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला मळा उरला नाही, त्याची भरीत पार्टी सेंटरवाल्यांनी जिवंत ठेवली. डिसेंबर 2018 मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावच्या सागर पार्क मैदानावर सुमारे अडीच हजार किलो भरीत एकाच कढईत केलं. त्या विक्रमाची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र रोज सकाळी वांग्यांची पोती उतरवून घेणाऱ्या सेंटरवाल्याचं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण ते दरवर्षी पुन्हा करावं लागतं.

गाडी पश्चिमेला वळवली की बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची, पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्यात पोहोचायचं. अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण हा महामार्ग अवजड वाहनांचा. स्कूटीवाल्याने भल्या सकाळी निघावं आणि अंधाराआधी पोहोचावं.

धुळ्याचा स्वभाव वेगळा. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने हे गाव खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून निवडलं आणि सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले. जुन्या पेठेत गल्ल्यांना आजही नंबर आहेत. पत्ता सांगताना ‘चार नंबर गल्लीत’ म्हटलं की झालं. दुचाकीवरून खात फिरायला यापेक्षा सोयीची आखणी सापडणं कठीण. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि इथली शेवभाजी समजून घ्यायची तर हे भूगोलाचं सत्य आधी समजायला हवं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि खडा मसाला वाटून केलेला काळपट रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि वाढायच्या क्षणी टाकलेली जाड, तिखट शेव. मिरची जवळच, दोंडाईचा-नंदुरबारच्या बाजारात मुबलक. रस्सा तयार असतो, शेव डब्यात असते, अपरात्री ट्रक थांबला तरी ताट पाच मिनिटांत पुढे येतं. तिला ना हंगाम लागतो ना ताजी भाजी. त्यामुळेच ती धाब्यांवरून सगळ्या महाराष्ट्रात पोहोचली. भरीत पोहोचलं नाही, कारण त्याला वांगं, काड्या आणि थंडी एकाच वेळी लागतात.

धुळ्याच्या उत्तरेला शिरपूर, पुढे सातपुडा. तिथल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू गाळली जाते, देवाला आणि लग्नकार्याला ती लागतेच. बिआ होईसारखं मातीतलं पेय खानदेशात शोधायचं तर ते हेच. पण 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे ती चोरीच्या मालासारखी लपवावी लागली. मोठ्या शहरांत यंत्रावर केलेल्या बिअरला परवाना आणि कौतुक दोन्ही मिळतं, आदिवासी बाईच्या हातच्या कसबाला तेवढा मान मिळत नाही, हे मला खटकतं.

भरिताचा धोका वेगळा आहे. गॅसवर भाजणं सोपं, धूर नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. बाहेरून आलेलं संकरित वांगं बारा महिने मिळतं आणि स्वस्त पडतं. काड्या साठवायला शहरात जागा उरलेली नाही. भौगोलिक मानांकन वांग्याचं नाव राखतं, पण काड्यांच्या आगीला आणि बडगीला कुठलंच मानांकन नाही. त्या दोन्ही गोष्टी टिकतील त्या गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळेच.

म्हणून येत्या हिवाळ्यात जळगावला आलात तर भरीत सेंटरवर डबा पुढे करण्याआधी दोन गोष्टी विचारा: वांगं कुठल्या गावचं, आणि भाजलंय कशावर? उत्तर ‘आसोद्याचं’ किंवा ‘बामणोदचं’ आणि ‘काड्यांवर’ असं आलं तर दोन रुपये जास्त लागले तरी तिथेच घ्या. भाव करू नका.