गळाला काहीच लागलं नाही? तरीही नोंद कराच!

वर्धा : पवनारला धाम नदीवर गळ टाकून बसणाऱ्याला मोठा मासा कधी लागला, ते वर्षानुवर्षे आठवतं. रिकाम्या हाताने परतलेले दिवस कोणी मोजत नाही. मासेमारीच्या वहीत नेमके तेच दिवस हवेत.

काय लिहायचं?
तारीख, जागा, आमिष, पाण्याचा रंग, किती तास बसलात आणि मासे किती. मिळाला नाही तर शून्य. तास न लिहिता नुसते मासे मोजले की फसगत होते. चार तासांत चार रोहू म्हणजे तासाला एक; एका तासात दोन मिळाले, तर ती फेरी सरस. एक्सेल नको, शंभर पानी वही पुरते.

फोन कशाला?
मोजपट्टीशेजारी माशाचा फोटो काढा. लोकेशन सुरू असेल तर ठिकाणही त्यात साठतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की हा तपशील सहसा गळतो. मूळ फोटो जपा.

पावसाळ्यात काय?
रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. मासा कापताना गाभोळी निघाली, तर तारखेसह लिहा. तीन-चार वर्षांत कोणत्या आठवड्यांत गळ घरीच ठेवावा, ते वहीच सांगेल. धीवर, भोई कुटुंबांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कागदावर मात्र फारसं नाही.

अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तिथे आधी विचारा, मगच गळ टाका.