जीवनदायी आरोग्य योजना
दुर्बल घटकांतील रुग्णांच्या खर्चिक उपचारांचा भार शासनाने उचलावा, यासाठी महाराष्ट्र राज्यात सुरू झालेली योजना. मूळ योजना १९९७ मध्ये शिवसेना–भारतीय जनता पक्ष युतीच्या काळात आली. काँग्रेस–राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीच्या शासनाने २ जुलै २०१२ रोजी विम्यावर आधारलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. बीड जिल्हा त्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा त्याचा समावेश झाला. सत्तांतरानंतर २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. कुटुंबामागे दीड लाख रुपयांची वार्षिक मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

नाव व श्रेय यांवरून पक्षांत चढाओढ झाली. तथापि मान्यताप्राप्त शासकीय व खाजगी रुग्णालयांना ठरावीक उपचारांचे मूल्य देण्याची पद्धती कायम राहिली. समर्थकांच्या मते त्यामुळे गरिबास मोठी शस्त्रक्रिया आवाक्यात येते. टीकाकारांच्या मते प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे जावयाचा निधी खाजगी रुग्णालयांकडे वळतो.

या मतभेदाचा आशय बीडमध्ये स्पष्ट होतो. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या तेथील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांपैकी बहुसंख्य खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च विम्याने भागविता येतो. ती टाळणारी वेळेवरची तपासणी मात्र गावातील व तोडणीच्या ठिकाणच्या शासकीय आरोग्यसेवेवरच अवलंबून असते.