मांडूच्या पाकपुस्तकात मिरची नाही

इंदूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर मांडूचा किल्ला आहे. तिथे १४६९ ते १५०० या काळात माळव्याचा सुलतान घियासशहा खिलजी राज्य करत होता. त्याला खाण्यापिण्याचा विलक्षण शौक. त्याच्या मुदपाकखान्यातल्या कृती, सरबतं, अत्तरं आणि विडे यांची फारसीत नोंद होऊन, चित्रं रंगवून एक ग्रंथ तयार झाला. त्याचं नाव 'निमतनामा'. मुलगा नासिरशहाच्या काळात तो पूर्ण झाला. आज त्याची एकुलती एक ज्ञात प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या ग्रंथात समोसे आहेत. त्यांत खिमा, कांदा, सुंठ, लसूण, गुलाबपाण्यात खललेलं केशर आणि वांग्याचा गर भरलेला असतो. काळी मिरी, आलं, हिंग, वेलची, लवंग, लिंबू, कापूर असं सगळं त्यात सापडतं. मिरची सापडत नाही. बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू यांतलंही काही नाही. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला १४९२ मध्ये, आणि हा ग्रंथ लिहिला गेला त्याच सुमारास. माळव्याच्या स्वयंपाकाचं नेमक्या त्या क्षणाचं चित्र आपल्या हाती असणं हे मोठंच भाग्य आहे. अटलांटिक ओलांडून झालेल्या देवाणघेवाणीबद्दल आपल्याकडे जे समज पसरले आहेत, ते तपासायला मला याहून चांगली कसोटी सुचत नाही.

'मिरची येईपर्यंत आपलं जेवण सपक होतं'

हा समज तर 'निमतनामा'च खोडून काढतो. काळी मिरी, पिंपळी, सुंठ, मोहरी यांच्या जोरावर इथलं जेवण पुरेसं तिखट होतं. मिरचीने तिखटपणा आणला नाही, तो स्वस्त केला. मिरी मलबारच्या दमट डोंगरउतारांवरच होते. ती माळव्यापर्यंत यायची व्यापाऱ्याच्या तांड्यातून आणि मिळायची त्याच्या भावात. मिरची मात्र कुणालाही परसात लावता येते. सुलतानाच्या ताटातला तिखटपणा त्यामुळे शेतमजुराच्या भाकरीवर आला. आज इंदूरच्या दक्षिणेला खरगोन जिल्ह्यात, बेडियाच्या मंडीत लाल मिरचीचे ढीग लागतात. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावनाचा रंगही तिच्याशिवाय येत नाही.

ती इतक्या झपाट्याने पसरली की युरोपातल्या विद्वानांचीही फसगत झाली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स याने १५४२ च्या आपल्या ग्रंथात मिरचीची चित्रं छापली आणि ती कालिकतची मिरी म्हणून नोंदवली. ५० वर्षांत अमेरिकेची मिरची भारताची ठरली होती.

'हे सगळं पोर्तुगीजांनी आणलं'

या वाक्यातली नोंद बरीचशी बरोबर आहे, पण तिने दिलेलं श्रेय चुकीच्या माणसाला जातं, म्हणून यावर थोडं थांबायला हवं.

आधी वाहतुकीचं पाहू. मार्च १५०० मध्ये पेद्रो आल्वारेश काब्राल १३ जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. एप्रिलमध्ये तो ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, मग आफ्रिकेचं दक्षिण टोक वळून, मोझांबिकचा किनारा धरून सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. एकाच सफरीत चार खंड जोडले गेले. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यावर या वाटेने नियमित जा-ये सुरू झाली. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची हे सगळं याच जाळ्यातून आपल्याकडे आलं. अननसाचा उल्लेख 'आइन-इ-अकबरी'त आहे आणि जहांगीरने आग्र्याच्या आपल्या बागेतल्या अननसांबद्दल लिहून ठेवलं आहे. म्हणजे १०० वर्षांच्या आत एक दक्षिण अमेरिकी फळ यमुनेच्या काठी पिकत होतं.

पण सगळंच पोर्तुगीजांनी आणलं नाही, आणि एकदम तर मुळीच नाही. बटाटा देशभर रुजला तो इंग्रजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. टोमॅटो आपल्या भाजीत मिसळायला आणखी उशीर लागला. मल्हारराव होळकरांच्या सैन्याने माळव्यात तळ दिला तेव्हा त्या तळावर बटाट्याची भाजी शिजत असेल, असं मानायला काही आधार नाही.

आता श्रेयाचं. पोर्तुगीज नावाडी हे वाहक होते. मका घडवला मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी त्यांनी तेओसिंते नावाच्या एका गवताची निवड सुरू केली. त्या गवताच्या कणसात मोजके, टणक कवचाचे दाणे असतात. पिढ्यान् पिढ्या बियाणं निवडत त्यातून आजचं भरलेलं कणीस उभं राहिलं. बटाटा अँडीज पर्वतातल्या लोकांनी माणसाळवला, त्याच्या रानटी जातींमधलं विष कमी करत. कसाव्याच्या कडू जातींत सायनाइड तयार होतं. तो किसून, पिळून, धुऊन, भाजून खाण्याजोगा करण्याची रीत ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनी शोधली. हे हजारो वर्षांचं शेतीविज्ञान आहे. 'पोर्तुगीजांनी दिलं' म्हणताना ही माणसं आपल्या बोलण्यातून साफ गळून जातात, आणि हे मला मनापासून खटकतं. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री गरमागरम भुट्ट्याचा कीस खाताना नाव घ्यायचंच असेल तर ते मेक्सिकोच्या त्या अनाम शेतकऱ्यांचं घ्यावं.

आफ्रिकेचा वाटाही असाच झाकला जातो. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, पण पश्चिम आफ्रिकेत तो पाहता पाहता रुजला. कारण जमिनीखाली शेंगा धरणारं बांबारा नावाचं एक कडधान्य तिथले शेतकरी आधीपासून पिकवत होते. नव्या पिकाची मशागत त्यांना कुणी शिकवावी लागली नाही. उलट, अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीत भातशेती उभी राहिली ती गुलाम करून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांच्या कष्टांवर, आणि त्यांच्या भातशेतीच्या ज्ञानाचाही तिच्यात वाटा होता, असं अनेक अभ्यासक मानतात.

'उपवासाचे पदार्थ तरी प्राचीनच'

साबूदाण्याची खिचडी घ्या. इंदूरकर ती एकादशीची वाट न पाहता खातात. तिच्यातला साबूदाणा कसाव्याच्या कंदाच्या पिठीचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिथलेच, बटाटाही तिथलाच, हिरवी मिरची अमेरिकेचीच. रताळं अमेरिकेचं आणि राजगिराही. मूळचा साबूदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातून काढत. कसाव्यापासून तो करण्याचा धंदा तामिळनाडूत सेलमच्या परिसरात उभा राहिला तो १९४० च्या दशकात. आज उपवासाला आपण खातो तो साबूदाणा आपल्या आजी-पणजीच्या हयातीतला आहे.

याने उपवासाचं काही बिघडत नाही. नेमात निषिद्ध आहेत ती मुख्यतः गहू, तांदूळ, डाळी यांसारखी धान्यं. कंदमुळं आणि फळं चालत होतीच. नवे कंद आले ते त्या वर्गात बसले. वरई, शिंगाडा, कोनफळ हे जुने मानकरी होतेच, त्यांच्या पंगतीत नवे पाहुणे आले. एखादी परंपरा नव्या वस्तूला नेमकी जागा काढून देते, यात मला तिची ताकद दिसते. ती चार-पाच हजार वर्षं जुनी असल्याचा दावा करायची गरजच पडत नाही.

'देवळांच्या शिल्पांत मका आहे, म्हणजे तो आपलाच'

कर्नाटकातल्या सोमनाथपूरचं होयसळ मंदिर १२६८ च्या सुमाराचं. तिथल्या मूर्तींच्या हातात कणसासारखी वस्तू दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही अमेरिकी अभ्यासकांनी ती मक्याची कणसं असल्याचं मांडलं. भारतीय मका-शास्त्रज्ञांनीच पुढे त्याला सविस्तर हरकत घेतली. दागिन्यासारखी, मोत्यांनी मढवलेली ती एक काल्पनिक फळाची आकृती असावी, असं त्यांचं म्हणणं. सीताफळाबद्दलही जुन्या शिल्पांचे असेच दाखले दिले जातात. शिल्पातला आकार हा पुरावा म्हणून फार नाजूक असतो. मका इथे ७०० वर्षांपूर्वी पिकत असता तर त्याचे दाणे, कणसाची बुरकुंडं उत्खननांत भरपूर सापडायला हवी होती, आणि मांडूच्या खवय्या सुलतानाच्या ताटातही तो दिसायला हवा होता.

'आफ्रिकेशी आपली ओळख युरोपीय जहाजांनी करून दिली'

या समजाचं उत्तर मांडूच्या रस्त्यावरच उभं आहे. तिथे फुगीर बुंध्याची, विशाल झाडं दिसतात. मराठीत त्यांना गोरखचिंच म्हणतात, मांडूत खुरासानी इमली. हा आफ्रिकेचा बाओबाब. त्याची मखमली लव असलेली फळं मांडूत रस्त्याकडेला विकायला ठेवलेली असतात. भारतातल्या या वृक्षांच्या जनुकीय अभ्यासातून दिसतं की ते आफ्रिकेतून एकदा नव्हे, अनेकदा आले. हिंदी महासागरातला हा व्यापार वास्को द गामाच्या कितीतरी आधीचा. इतिहासकार फिरिश्त्याने लिहिलं आहे की घियासशहाच्या पहाऱ्यावर हबशी स्त्रियांची तुकडी होती. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरची निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर इथिओपियाचा होता.

आणि याच्याही मागे जायचं तर ज्वारी आणि बाजरी. दोन्ही आफ्रिकेत माणसाळलेली धान्यं, सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भारतात पोहोचलेली. आपली भाकरी आफ्रिकेचं देणं आहे, आणि तेव्हा युरोपचा या वाटेशी काही संबंध नव्हता.

'ही तर वस्तूंची सरळ अदलाबदल होती'

'देवाणघेवाण' म्हणताना दोन्ही बाजू राजीखुशीने व्यवहार करत असल्याचं चित्र उभं राहतं. अटलांटिकवर तसं घडलं नाही. १६ व्या ते १९ व्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. १५२० मध्ये मेक्सिकोत देवी पोहोचली. देवी, गोवर आणि वेठबिगार यांनी शंभरेक वर्षांत अमेरिकेच्या मूळ लोकसंख्येचा बहुतांश भाग संपवला. ज्यांनी मका आणि बटाटा घडवला, तीच ही माणसं.

भारत यात निव्वळ प्रेक्षक नव्हता, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेताना युरोपीय व्यापारी जे कापड मोजत, त्यात गुजरातचं आणि कोरोमंडलचं सुती कापड मोठ्या प्रमाणात असे. आपल्या विणकरांना त्या कापडाचं पुढे काय होतं हे ठाऊक नव्हतं. तरी तो धागा तिथवर गेला होता. आणि बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातून १५४५ नंतर जी चांदी निघाली, तिचा मोठा ओघ युरोपमार्गे सुरतेच्या टांकसाळीत येऊन रुपये झाला. भारतात चांदीच्या खाणी नगण्य होत्या.

'आपण फक्त घेतलं'

हिवाळ्यात सराफ्यात तळून, मसाला भुरभुरून मिळणारा गराडू पाहा. हा कोनफळाच्या जातीचा कंद आशियातला. तो आफ्रिकेत गेला, आणि तिथून जहाजांवरची शिधासामग्री म्हणून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर रुजला. आज तिथे तो रोजचं अन्न आहे.

सोयाबीनची वाट आणखी वाकडी. मूळ पूर्व आशियातलं हे पीक अमेरिकेत नेलं गेलं आणि १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठ आणि जबलपूरचं कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तिथली पिवळ्या दाण्याची वाणं मध्य प्रदेशात आली. खरिपात पडीक राहणाऱ्या माळव्याच्या काळ्या जमिनीला ती मानवली. १९८७ मध्ये राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र इंदूरमध्येच स्थापन झालं.

पण इंदूरने जगाला दिलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे खत करण्याची एक पद्धत. अमेरिकी यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिथल्या कापसाची निर्यात खुंटली आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताच्या कापसाकडे वळल्या. पुढे या कापसाच्या सुधारणेसाठी इंदूरमध्ये १९२४ साली वनस्पती-संशोधन संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने जमीन दिली आणि अल्बर्ट हॉवर्ड संचालक झाले. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग पालटायचा, की सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार. ही 'इंदूर पद्धत' १९३१ च्या पुस्तकातून प्रसिद्ध झाली. पुढे केनियातल्या आणि मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकातल्या कॉफीमळ्यांत ती वापरात आली. हॉवर्ड यांच्या विचारांनी भारावून जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं.

त्या १९३१ च्या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात पहिलं सगळीकडे भेटतं, दुसरं क्वचित. हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत या संशोधनात बरोबरीने होत्या. त्यांचंही नाव मागे पडलं. हॉवर्ड यांनी स्वतः मात्र लिहून ठेवलं आहे की आपण शेती शिकलो ती इथल्या शेतकऱ्यांकडून.