सुरतेतील इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्ड आणि त्यावरील खेळांचे नियम

डार्ट हा इंग्लंडमधील मद्यगृहांत वाढलेला खेळ आहे. युरोपात आणि अमेरिकेत आजही त्याचे नाते संध्याकाळच्या पेल्याशी जोडलेले दिसते. गुजरातमध्ये मात्र 1960 साली राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी असल्याने सुरतेत या खेळाला ते घर मिळाले नाही. येथे डार्टबोर्ड भेटतो तो मॉलमधील गेम झोनमध्ये, मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये किंवा घराच्या भिंतीवर, आणि त्याच्यासमोर उभे राहणाऱ्यांत दहा वर्षांचा मुलगा, त्याची आई आणि सुट्टीत जळगाव-धुळ्याहून आलेले आजोबा असे तिघेही असू शकतात. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत 27 जणांचा बळी गेला, त्यानंतर राज्यभरातील गेम झोन तपासणीसाठी बंद करण्यात आले, आणि त्या काळात घरच्या भिंतीवरील बोर्ड तेवढा चालू राहू शकला. खेळणाऱ्यांचा हा बदललेला गोतावळा लक्षात घेतल्याशिवाय या बोर्डातील शेकडो पर्यायांपैकी कोणते उपयोगाचे आणि कोणते निव्वळ खोक्यावर छापण्यापुरते, हे ठरवता येत नाही.

बोर्डाची रचना सर्व खेळांना समान असते. वर्तुळाचे 20 समान भाग पाडलेले असतात आणि वरच्या मध्यापासून घड्याळाच्या दिशेने त्यांचा क्रम 20, 1, 18, 4, 13, 6, 10, 15, 2, 17, 3, 19, 7, 16, 8, 11, 14, 9, 12, 5 असा असतो. प्रत्येक भागाच्या बाहेरच्या कडेला असलेल्या अरुंद पट्टीला डबल म्हणतात, कारण तेथे लागलेल्या डार्टचे गुण दुप्पट होतात. मध्यावरील तशाच पट्टीला ट्रिपल म्हणतात आणि तेथे ते तिप्पट होतात. केंद्रातील गोल म्हणजे बुल. त्याच्या बाहेरच्या कड्याला 25 आणि आतल्या टिकलीला 50 गुण असून ती टिकली डबल मानली जाते. एका खेळाडूने सलग फेकलेल्या तीन डार्टांची एक फेरी होते, त्यामुळे तिन्ही डार्ट ट्रिपल 20 मध्ये बसले तर मिळणारे 180 हे एका फेरीचे सर्वाधिक गुण ठरतात. मोठ्या आकड्यांच्या शेजारी मुद्दाम लहान आकडे बसवलेले आहेत. 20 च्या एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 5 असल्याने लोभाने नेम धरणाऱ्याला चुकीची किंमत लगेच मोजावी लागते.

पारंपरिक बोर्ड दाबलेल्या सिसल तंतूंचा असतो आणि त्यात पोलादी टोकाचा डार्ट रुततो. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे कप्पे मात्र प्लास्टिकचे असतात, त्यांना हजारो बारीक छिद्रे असतात आणि डार्टचे टोकही मऊ प्लास्टिकचे असते. डार्ट छिद्रात शिरताना तो कप्पा किंचित मागे दबतो. कप्प्यांच्या मागे पातळ प्लास्टिकचे दोन पापुद्रे असतात आणि त्यांवर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात. मागाच्या या शहराला हे सांगायला फारसे शब्द लागू नयेत: एका पापुद्र्यावरील रेषा ताण्यासारख्या उभ्या, दुसऱ्यावरील बाण्यासारख्या आडव्या, आणि दाब पडला की ज्या जागी त्या एकमेकींना टेकतात त्या छेदावरून कप्पा ओळखला जातो. 20 साधे, 20 डबल, 20 ट्रिपल आणि दोन बुल मिळून 62 वेगवेगळे निकाल संभवतात, म्हणून आठ उभ्या आणि आठ आडव्या रेषांचे 64 छेदही या कामाला पुरू शकतात.

या साध्या रचनेतून एक गोष्ट निष्पन्न होते: यंत्राला फक्त दाब कळतो. डार्ट कोणी फेकला, फेकणाऱ्याचा पाय रेषेपुढे गेला होता का, दाब डार्टचा होता की एखाद्या लहानग्याच्या बोटाचा, यांतले काहीही त्याला कळत नाही. डार्ट कप्प्यावर आपटून खाली पडला तरी दाब नोंदला गेला असेल तर यंत्र गुण देते. पोलादी टोकाच्या खेळात मात्र बोर्डात न टिकलेल्या डार्टला गुण नसतात. याउलट डार्ट आकड्यांच्या कड्याबाहेर लागला तर यंत्राच्या लेखी तो फेकलाच गेलेला नसतो. घरगुती खेळातील बहुतेक गोंधळ येथून सुरू होतो. पहिल्या खेळाडूचा एक डार्ट बाहेर जातो, तो आपले डार्ट काढून घेतो, यंत्र त्याच्या तिसऱ्या डार्टची वाट पाहत राहते आणि दुसऱ्याचा पहिला डार्ट पहिल्याच्या खात्यावर जमा होतो. म्हणून फेरी संपली की आधी पुढच्या खेळाडूचे बटण दाबावे आणि मगच डार्ट काढावेत, हा अलिखित असला तरी सर्व खेळांचा पहिला नियम मानावा लागतो. डार्ट ओढताना कप्पा हलतो आणि बेसावध यंत्र त्याचेही गुण देऊन टाकते, हे त्याचे दुसरे कारण. टोक मोडून छिद्रात अडकले तर कप्पा दबलेलाच राहतो आणि खेळ थांबतो. अशा वेळी कप्पा हळूच हलवून तुटलेला तुकडा सोडवून घ्यावा लागतो.

खेळांपैकी सर्वांत प्रतिष्ठित गट 301, 501 आणि 701 यांचा आहे. यात गुण मिळवायचे नसून फेडायचे असतात. सर्वांच्या खात्यावर आरंभीच तो आकडा असतो, प्रत्येक फेरीचे गुण त्यातून वजा होतात आणि जो नेमका शून्यावर पोहोचतो तो जिंकतो. ‘नेमका’ या शब्दात या खेळाचा सगळा जीव आहे. उरलेल्या आकड्यापेक्षा जास्त गुण झाले तर ती फेरी बस्ट होते, म्हणजे पूर्ण रद्द ठरते, आणि खेळाडू फेरीपूर्वीच्या आकड्यावर परत जातो. यंत्रावर डबल आउट हा पर्याय निवडलेला असेल तर शेवटचा डार्ट डबलमध्येच लागावा लागतो. सर्वांत लहान डबल 2 चा असल्याने 1 उरला तरीही बस्ट होते. मास्टर आउट या पर्यायात शेवट डबल किंवा ट्रिपल यांपैकी कशानेही करता येतो. डबल इन निवडले तर पहिला डबल लागेपर्यंत वजाबाकी सुरूच होत नाही.

डबल आउटमुळे शेवटच्या फेऱ्यांत नेमाइतकेच गणितही लागते. जाणकार खेळाडू 32 उरावेत अशी धडपड करतात. 32 वर डबल 16 हवा असतो. डार्ट थोडा आत पडून साध्या 16 ला लागला तर 16 उरतात आणि डबल 8 चालतो. तोही हुकून साधा 8 लागला तर डबल 4, मग डबल 2, आणि शेवटी डबल 1. एकाच आकड्यातून पाच संधी निघतात, आणि दर वेळी सम आकडाच उरत असल्याने वाट सुधारण्यात डार्ट वाया जात नाही. 25 उरले असतील तर मात्र आधी एखादा विषम आकडा मारून बाकी सम करून घ्यावी लागते. तीन डार्टांत फेडता येणारा सर्वांत मोठा आकडा 170 आहे, तोही दोन ट्रिपल 20 आणि शेवटी आतला बुल अशा एकाच मार्गाने. 501 किमान नऊ डार्टांत संपू शकतो, आणि दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेल्या सामन्यात ते प्रथम साधले इंग्लंडच्या जॉन लो यांनी, 1984 साली. खडू आणि फळ्याच्या काळात ही वजाबाकी खेळाडूलाच तोंडी करावी लागत असे. इलेक्ट्रॉनिक बोर्डाने ते ओझे उतरवले, पण त्याबरोबर मुलांच्या हातून उजळणीचे एक चांगले साधनही गेले, असे म्हणणे भाग आहे.

नवशिक्यांसाठी काउंट-अप हा खेळ बरा. बहुतेक यंत्रांवर तो आठ फेऱ्यांचा असतो, गुणांची केवळ बेरीज होते आणि सर्वाधिक बेरीज करणारा जिंकतो. यात कोणी बाद होत नाही, कोणाची फेरी रद्द होत नाही. तरीही येथे एक बारकावा आहे आणि तो फारच थोडे नवशिके वापरतात. ज्याचा डार्ट हव्या त्या भागात किंवा त्याच्या दोन शेजाऱ्यांत सारख्याच शक्यतेने पडतो, अशा खेळाडूने 20 वर नेम धरला तर 20, 1 आणि 5 यांची सरासरी 8.67 पडते. त्याने डावीकडे वर असलेल्या 9 वर नेम धरला, तर 12, 9 आणि 14 यांची सरासरी 11.67 येते. हात बसेपर्यंत 20 चा मोह टाळणे फायद्याचे, हे या साध्या भागाकारातून दिसते. घरातल्या मोठ्यांनी ते मुलांना सांगावे की स्वतःपाशीच ठेवावे, हा ज्याच्या-त्याच्या नीतीचा प्रश्न आहे.

क्रिकेट हे नाव ऐकून भारतीय खेळाडू सुखावतो आणि नियम ऐकून गोंधळतो, कारण यंत्रावरील क्रिकेटमध्ये धावा, बळी, षटके यांपैकी काहीच नसते. हा अमेरिकन प्रकार आहे. यात 20, 19, 18, 17, 16, 15 आणि बुल एवढीच लक्ष्ये चालतात, बाकी आकड्यांना किंमत नाही. प्रत्येक लक्ष्यावर तीन खुणा मिळवायच्या असतात. साध्या कप्प्याला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, आणि बुलच्या बाहेरच्या कड्याला एक व टिकलीला दोन खुणा मिळतात. यंत्र या खुणा लहान दिव्यांनी दाखवते. तीन खुणा झाल्या की ते लक्ष्य त्या खेळाडूसाठी उघडते आणि पुढे तेथे लागणाऱ्या प्रत्येक डार्टचे गुण त्याला मिळू लागतात. प्रतिस्पर्ध्यानेही तेथे तीन खुणा केल्या की ते दोघांसाठी बंद होते. समजा पहिल्या खेळाडूने पहिलाच डार्ट ट्रिपल 20 मध्ये मारला, तर 20 एका फटक्यात उघडले. दुसरा डार्ट साध्या 20 ला लागला तर त्याचे 20 गुण झाले, आणि आता प्रतिस्पर्ध्याला 20 बंद करण्यासाठी डार्ट खर्च करावे लागतील. सर्व सात लक्ष्ये पूर्ण करणाऱ्याचे गुण प्रतिस्पर्ध्याइतके किंवा त्याहून अधिक असतील तरच तो जिंकतो. लक्ष्ये पूर्ण झाली पण गुणांत मागे असला, तर उघड्या लक्ष्यांवर गुण जमवत राहावे लागते. त्यामुळे पुढे असणाऱ्याने बंद करावे आणि मागे असणाऱ्याने गुण मिळवावेत, अशी दर फेरीला बदलणारी निवड या खेळात असते. या बोर्डावरील सर्व खेळांत विचाराला सर्वाधिक वाव देणारा खेळ हाच आहे, याविषयी दुमत होऊ नये. तीन किंवा अधिक खेळाडू असतील तेव्हा कट-थ्रोट हा प्रकार रंगतो. त्यात उघड्या लक्ष्यावर मारलेले गुण स्वतःला न मिळता, ज्यांनी ते लक्ष्य अजून बंद केलेले नाही त्यांच्या डोक्यावर बसतात आणि सर्वांत कमी गुणांचा खेळाडू जिंकतो. ज्यांना खरोखर क्रिकेटसारखे काही हवे असेल त्यांच्यासाठी इंग्लिश प्रकार आहे: एकाने तीन डार्टांत 40 च्या वर जितके गुण केले तितक्या त्याच्या धावा, आणि दुसऱ्याने बुलवर मारून त्याचे दहा बळी घ्यायचे.

उरलेल्या खेळांपैकी शांघायमध्ये पहिल्या फेरीत फक्त 1, दुसरीत फक्त 2 अशा क्रमाने लक्ष्य बदलते, पण एकाच फेरीत त्या आकड्याचा साधा, डबल आणि ट्रिपल असे तिन्ही कप्पे साधणारा तत्काळ विजयी होतो. हाफ-इटमध्ये फेरीचे ठरलेले लक्ष्य एकदाही न लागल्यास आतापर्यंतची कमाई निम्मी होते. किलरमध्ये प्रत्येकाचा एक आकडा असतो. स्वतःचा डबल मारणारा किलर बनतो आणि मग इतरांचे डबल मारून त्यांचे जीव, बहुधा तीन, संपवू लागतो. मित्रमंडळींत हा खेळ धमाल आणतो, परंतु घरच्या मैफलीत सर्वांत कच्चा खेळाडू सर्वांत आधी बाद होऊन बाजूला बसतो, म्हणून तो मुलांसमोर टाळलेला बरा. यंत्रावरील गोल्फ, बेसबॉल, बोलिंग वगैरे प्रकार या मूळ कल्पनांचीच वेगवेगळ्या पोशाखांतली रूपे आहेत.

मोजणी यंत्राकडे गेल्यामुळे खेळातील भांडण संपले, असे मात्र नाही. ते खेळ सुरू होण्याच्या आधीच्या टप्प्यावर सरकले. डबल आउट आहे की साधा शेवट, बुलचा बाहेरचा कडा 25 चा की, जपान-कोरियातील यंत्रांवर 301-501 गटाच्या खेळांत रूढ आहे तसा, सबंध बुल 50 चा, क्रिकेटमध्ये गुण धरायचे की केवळ खुणा, हे पर्याय बटणांनी आधीच निवडायचे असतात आणि डाव सुरू झाल्यावर बदलता येत नाहीत. प्रथम कोणी फेकायचे हे बुलच्या जवळच्या डार्टवरून ठरवण्याची प्रथा आहे, पण यंत्र कप्पा ओळखते, अंतर नव्हे, त्यामुळे तेवढा निवाडा डोळ्यांनीच करावा लागतो. वयाने आणि सरावाने असमान खेळाडूंसाठी अनेक बोर्डांवर प्रत्येकाला वेगळा आरंभीचा आकडा देण्याची सोय असते. एकाला 501 आणि दुसऱ्याला 301 देऊन खेळवलेला डाव कुटुंबात सर्वांत न्याय्य ठरतो, आणि तरीही हे बटण सहसा कोणी दाबत नाही.

बोर्ड टांगण्याचे माप पाळले नाही तर वरील कोणत्याच नियमाला अर्थ उरत नाही. बुलचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटर, म्हणजे 5 फूट 8 इंच उंचीवर असावा आणि मऊ टोकाच्या डार्टसाठी फेकण्याची रेषा बोर्डाच्या पृष्ठभागापासून 2.44 मीटर, म्हणजे 8 फुटांवर असावी. लिंबायत, उधना, डिंडोली या मराठी वस्तीच्या भागांतील दहा फुटांच्या खोलीत बोर्डाची जाडी वजा जाता खेळाडूच्या मागे दोन फूटही उरत नाहीत, तेव्हा बोर्ड दाराच्या समोरच्या भिंतीवर लावून उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची सोय पाहावी. दार बोर्डाच्या शेजारी येईल अशी जागा मात्र कधीही निवडू नये, कारण प्लास्टिकचे टोकही डोळ्याला इजा करू शकते.